मग्दला : सुटका आणि लिलाव

आता स्टॅन्लेच्या 'कुमासी आणि मग्दला' या 1874 च्या पुस्तकाकडे येऊ. हा तोच आफ्रिकेवाला स्टॅन्ले. 1868 साली तो न्यूयॉर्क हेरल्डचा वार्ताहर म्हणून जनरल नेपियरच्या फौजेबरोबर अबिसिनियात गेला. सम्राट थिओड्रोसच्या कैदेतले युरोपीय सोडवायचे होते. राणीला 1862 साली लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही, तिथून हे सगळं चिघळलं.

मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं सुटकेची नाहीत, लुटीची आहेत. मुकुट, क्रूस, हस्तलिखितं उतारावर विखुरलेली. मग दलांताच्या पठारावर लिलाव, आणि ब्रिटिश म्युझियमचा माणूस बोली लावायला हजर! स्टॅन्ले काही झाकत नाही, हे मान्यच. पण बघतो कसं, तर जत्रा बघावी तसं.

आणि एक तारीख लक्षात घ्या. किल्ल्यावर हल्ला झाला 13 एप्रिलला. कैदी त्याआधीच सुटून इंग्रजांच्या छावणीत पोचले होते. मग हल्ला कशासाठी? पुस्तकाला 'सुटकेची कथा' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपला संबंध? फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची. 44 हत्ती जहाजांतून नेले. हिंदी सैनिकांचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच्याच तिजोरीतून. दादाभाई नौरोजींनी 1867 सालीच लंडनमध्ये या खर्चावर निबंध वाचून हरकत घेतली होती. स्टॅन्ले वाचाल तेव्हा तो निबंध शेजारी ठेवा.