सौरपंप आले, गरिबी गेली काय?

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मराठवाड्यातील शेतकऱ्यांची जुनी मागणी. रात्रीच्या अंधारात दारे धरायला जायचे म्हणजे विंचू-सापांशी गाठ. २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने ही अडचण दूर होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. किमतीचा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के वाटा शेतकऱ्याने भरायचा आहे. मात्र ‘सौरऊर्जा आली की गरिबी हटते’ हे विधान तपासून पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न, लाभ कोणाला? अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळू शकतो. म्हणजे जमीन जास्त, तसे अनुदानही जास्त. शिवाय विहीर, बोअर असा पाण्याचा स्रोत हवाच. भूमिहीन मजूर आणि विहीर नसलेला कोरडवाहू शेतकरी, म्हणजे खेड्यातील सर्वांत गरीब माणसे, योजनेबाहेरच राहतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, साठा मर्यादित. एक हजार लिटर पाणी ३० मीटर उचलण्यास निदान ०.०८ युनिट ऊर्जा लागते. ९० मीटरवरून तिप्पट. सूर्य मात्र या जादा ऊर्जेचे बिल पाठवत नाही. उपशाला आळा राहिला नाही, तर आधी आटते ती उथळ विहीर, आणि ती बहुधा लहान शेतकऱ्याची असते.

उपाय नाही असे नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सहकारी संस्था काढली आणि पंपाला न लागणारी सौर वीज विकायला सुरुवात केली. पाणी न उपसण्यालाही मोल आले! पण भूमिहीनांचा प्रश्न तेथेही उरतोच. त्यांचा वाटा योजनेतच ठरवावा लागेल. तो उन्हाबरोबर आपोआप येणार नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील काही विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मोजून घ्यावी. सौरपंप कोणाकडे आले आणि मजुरांना कामाचे किती दिवस मिळाले, याचीही नोंद शेजारी ठेवावी. मेगावॉटच्या आकड्यांत न दिसणारे उत्तर त्या वहीत सापडेल.