शुद्ध कारभार कोणासाठी?

लिंकन स्टेफन्स यांचे ‘द शेम ऑफ द सिटीज’ हे १९०४ चे पुस्तक म्हणजे अमेरिकेतील सहा शहरांच्या भ्रष्ट कारभाराचा पंचनामा. लाच खाणाऱ्या पुढाऱ्यावर लेखक थांबत नाही. लाच देणाऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाही तो पिंजऱ्यात उभा करतो. हे त्याचे मोठेपण.

परंतु शुद्ध झालेला कारभार कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न तो खोलात जाऊन विचारत नाही. न्यूयॉर्कची टॅमनी हॉल ही पक्षयंत्रणा गरीब स्थलांतरिताला कोळसा देई, नोकरी देई आणि त्याचे मत घेई. ही दानत नव्हती, सौदा होता. मात्र अनेक शहरांत सुधारकांनी सौदा मोडताना वॉर्डही मोडले. १९०१ मध्ये गॅल्व्हेस्टनला नगर-आयोगाची पद्धत आली. १९११ मध्ये अलाबामातील मोबाईल शहराने ती उचलली: तीन आयुक्त, निवडणार सारे शहर मिळून. कृष्णवर्णीयांचा मताधिकार १९०१ च्या राज्यघटनेने आधीच बहुतांशी हिरावला होता. १९६५ च्या कायद्याने मत परत मिळाले. तरी गोऱ्या बहुमतापुढे त्यांचा एकही माणूस आयुक्त झाला नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट त्यांनाच भेदभावाचा हेतू सिद्ध करायला सांगितले. वॉर्ड परतले ते १९८५ मध्ये.

लाच बंद झालीच पाहिजे. पण सुधारणेचा हिशेब केवळ तिजोरीवरून मांडणारे सभागृहातल्या खुर्च्या मोजत नाहीत. त्या आपणच मोजल्या पाहिजेत.