पित्तच असेल

आमच्या घरात कुठल्याही आजाराचं पहिलं निदान पित्त असतं. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. परीक्षेच्या आधी रडू आलं तरी आधी मोरावळा, मग चौकशी. त्यामुळे जेन ऑस्टेनने 24 जानेवारी 1817 ला एका मैत्रिणीला लिहिलेलं पत्र वाचताना मी फोन बाजूला ठेवून हसले होते. आपल्याला जे काही झालं त्याच्या मुळाशी पित्तच आहे अशी आता खात्री पटत चाललीय, त्यामुळे स्वतःवर काय उपचार करायचे तेही कळलंय, असं ती कळवते. अगदी माझी आत्या. सहा महिन्यांनी, 18 जुलैला, ऑस्टेन गेली. वय 41.

त्या पत्रानंतर तीनच दिवसांनी तिने नवी कादंबरी लिहायला घेतली. 18 मार्चला लिखाण थांबलं ते कायमचंच. बारा प्रकरणांचा हा तुकडा छापून यायला 1925 उजाडलं. आज आपण त्याला ‘सँडिटन’ म्हणतो. (मालिका पाहिली असेल तर ती जरा विसरा. मूळ मजकूर तिथे फार लवकर संपतो.) आणि मरणाच्या वाटेवर असलेल्या या बाईने विषय कुठला निवडला, तर आजारी असल्याच्या भ्रमात जगणारी माणसं.

या कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण इथे ऑस्टेनच्या धैर्याला सलाम करतात. बघा, स्वतः इतकी आजारी असून हसतेय. मला हे वाचन पटत नाही, आणि का ते सांगायचं तर थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून मला थायरॉइड आहे. म्हणजे हायपो. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, वर्षातून दोनदा रक्त. हायपोमध्ये वजन वाढतं, हे आता रिल्समुळे सगळ्यांना पाठ आहे. माझं कमी व्हायला लागलं. पाच महिन्यांत 61 वरून 50. ऑफिसात कौतुक सुरू झालं, काय डाएट करतेस, आम्हालाही सांग. सकाळी ब्रश करताना उलटी यायची. दुपारी स्टँडअपमध्ये उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोखी. रंग काळवंडला, तर तो टू-व्हीलरचा टॅन. खारातल्या मिरच्यांची बरणी मी एकटीने संपवत होते आणि आई नातेवाइकांना आनंदाने सांगत होती की हिची भूक परत आली.

टीएसएच मात्र वाढलेलं. म्हणजे रिपोर्ट म्हणतो थायरॉक्सिन कमी पडतंय, आणि वजन म्हणतं उलटंच. आमच्या धंद्यात दोन लॉग असे एकमेकांच्या विरुद्ध बोलले तर तिकीट बंद करत नाहीत. एका मोठ्या डॉक्टरांनी केलं. गोळीची मात्रा वाढवली आणि लग्नाचं वगैरे टेन्शन आहे का, असं विचारलं. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी खरी आडवी झाले.

कारण नंतर कळलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, अॅड्रिनल. ज्या प्रतिकारशक्तीने माझा थायरॉइड पोखरला होता, तिनेच त्याही पोखरायला घेतल्या होत्या. या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते कमी पडलं की वजन उतरतं, मळमळतं, मिठाची आस लागते, कातडी गडद होते. अशा शरीरात थायरॉक्सिन वाढवलं की उरलंसुरलं कॉर्टिसॉलही अधिक वेगाने खर्च होतं. एका तरुण डॉक्टरणीने माझ्या हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा पाहिल्या, सोडियमचा आकडा पाहिला, आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल करायला सांगितलं. रोगाचं नाव अॅडिसन. थायरॉइडबरोबरची त्याची ही जोडी श्मिट नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने 1926 मध्येच नोंदवलीय. अध्यक्ष केनेडींनाही हे दोन्ही होतं.

‘सँडिटन’ मी हॉस्पिटलात वाचली. कुणीतरी सुचवलं होतं, की ऑस्टेनलाही अॅडिसन होता.

आणि वाचताना पहिल्यांदा आला तो राग. पाचव्या प्रकरणात डायना पार्करचं पत्र येतं. तिला पित्ताच्या उबळी येतात, पलंगावरून सोफ्यापर्यंत रांगत जायचीही ताकद नाही. बहीण सुझनला डोकेदुखीसाठी दहा दिवस रोज सहा जळवा लावल्या, उपयोग नाही, मग दोष हिरड्यांत असावा म्हणून तीन दात उपटले. डॉक्टर करून करून दमलो, आता डॉक्टर नकोत, असंही ती लिहिते. हे वाचून मला हसू येईना. त्या जळवा आणि माझ्या एंडोस्कोपीत मला फार अंतर दिसत नव्हतं. पुढे हीच डायना समुद्राची हवा आपला जीव घेईल म्हणता म्हणता सँडिटनला हजर होते आणि गावभर धावते. परक्यांसाठी घरं भाड्याने ठरवते. एकाच कुटुंबाला दोन कुटुंबं समजून घोळ घालते. म्हणजे सोंगच होतं तर, असं वाचकाने म्हणायचं. मला आठवलं, की रिलीजच्या रात्री मीही साडेअकरापर्यंत बसून काम केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितल्यावर मॅनेजर म्हणाला होता, काल तर एकदम फिट होतीस.

पण मग आर्थर येतो, आणि तिथे मी हरले. विशीतला, धष्टपुष्ट, शेकोटीला चिकटून बसलेला. दाट कोको, आणि टोस्ट. बहिणींचं लक्ष असतं म्हणून तो लावलेलं लोणी मोठ्या संयमाने खरवडून काढतो, आणि घास तोंडात जायच्या क्षणी गुपचूप भला मोठा गोळा थापतो. वर कोरडा टोस्ट पोटाच्या अस्तराला किती वाईट, यावर व्याख्यान. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीवर तूप सोडणारे आमचे काका मला दिसले. एका कृतीत माणूस पकडण्याची ही ताकद ऑस्टेनकडे शेवटपर्यंत शाबूत होती. सहानुभूतीच्या नावाखाली आर्थरला खरा आजारी ठरवणं म्हणजे हे पान न वाचणं.

मग ऑस्टेन कुणाला हसतेय? मला वाटतं, ज्यांना आजारपण परवडतं त्यांना. सँडिटन हे गावच एक स्टार्टअप आहे. मिस्टर पार्कर प्रत्येक भेटणाऱ्याला पिच करतो. समुद्राची हवा आणि स्नान, झाडून सगळ्या रोगांवर एकच प्रॉडक्ट. त्याची भागीदार लेडी डेनम हिशोब घालते की गावात डॉक्टर नकोच, पण गाढविणीचं दूध मात्र विकता येईल. वेस्ट इंडिजमधून आलेली सतरा वर्षांची श्रीमंत मिस लॅम्ब खरोखर नाजूक प्रकृतीची आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांची नजर गिऱ्हाईक म्हणून लागलीय. थायरॉइड बरा करणारं धन्याचं पाणी विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझी तक्रार उरते ती शार्लट हेवूडबद्दल. बावीस वर्षांची, ठणठणीत, समंजस. आपण जग पाहतो ते तिच्या डोळ्यांनी. आग विझवली, खिडकी उघडली आणि औषधाच्या बाटल्या फेकल्या तर यातलं काहीही बरं होईल, असं तिला वाटतं. सुझन आजाराने आणि औषधांनी वाळलेली दिसते, हेही याच प्रकरणात लिहिलंय, पण शार्लट तिथे थांबत नाही. सुझनला खरंच काही असेल का, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. विचारणार होती का? बारा प्रकरणांवरून ठरवता येत नाही. माझ्या मते इथे हात थोडा कच्चा राहिलाय.

मात्र पित्ताचा धागा सोडवत नाही. जानेवारीत जे निदान ऑस्टेनने स्वतःचं केलं, तेच तिने डायनाच्या तोंडी घातलं. सोफ्याचंही तसंच. ऑस्टेनच्या पुतण्याने नोंदवलंय की घरात एकच सोफा होता. त्यावर आई असायची. जेन तीन खुर्च्या जोडून त्यांवर पडायची आणि हेच आपल्याला सोयीचं वाटतं असं सांगायची, कारण ती एकदा सोफ्यावर बसली असती तर आईने तो पुन्हा घेतला नसता. डायनाला सोफा आहे. म्हणजे हे दुसऱ्यांना हसणं नाहीच. जे पत्रात स्वतःबद्दल लिहून झालं, ते दुसऱ्याच्या तोंडी घातल्यावर कसं ऐकू येतं, हे ती तपासतेय. याला धैर्य म्हणून मोकळं होणं मला आळशीपणाचं वाटतं. यात स्वतःवरचा संशय आहे. आपणही डायनाच तर नाही ना, हा. तो संशय मला ठाऊक आहे. गोळीची मात्रा वाढल्यावर मी तीन आठवडे कुणाला फोन केला नाही तो त्यामुळेच.

आता अॅडिसनचं. 1964 मध्ये झॅकरी कोप या शल्यविशारदाने ऑस्टेनच्या पत्रांवरून हे निदान मांडलं. त्याचा मोठा आधार म्हणजे मार्च 1817 च्या पत्रातलं चेहऱ्याचा रंग काळापांढरा झाल्याचं वर्णन. थॉमस अॅडिसनने रोगाचं वर्णन केलं 1855 मध्ये, म्हणजे ऑस्टेनला तो असलाच तरी त्याला तेव्हा नाव नव्हतं. मला हे निदान हवं होतं. आपल्या क्लबात जेन ऑस्टेन, कुणाला नको असेल? पण 2009 मध्ये कॅथरीन व्हाइट या अॅडिसनच्या रुग्णसंघटनेत काम करणाऱ्या बाईंनीच ते खोडून काढलं. अॅडिसनच्या शेवटच्या टप्प्यात बुद्धी गोंधळते. ऑस्टेनने मरणाआधी काही दिवस चोवीस ओळींची गमतीदार कविता सांगून लिहून घेतली होती. व्हाइट यांच्या मते क्षयाची शक्यता जास्त. माझ्या वाईट आठवड्यात मला पुल रिक्वेस्टमधल्या चार ओळी कळत नव्हत्या. मी निमूट मान्य केलं.

तर तिला काय होतं ते माहीत नाही. हस्तलिखिताची शेवटची पानं आधी पेन्सिलने लिहून नंतर शाईने गिरवल्यासारखी दिसतात, बहुधा फार वेळ बसवत नव्हतं म्हणून, असं तोच पुतण्या सांगतो. शेवटच्या प्रकरणात शार्लट लेडी डेनमच्या घरी जाते. दिवाणखान्यात शेकोटीवर दुसऱ्या नवऱ्याचं, सर हॅरीचं, पूर्णाकृती चित्र आहे. ज्याचं ते घर मुळात होतं त्या पहिल्या नवऱ्याची, मिस्टर हॉलिसची, कुठल्याशा कोपऱ्यात एक चिमुकली तसबीर. शार्लटला त्याची दया येते. स्वतःच्याच घरात बिचाऱ्याला मागे उभं राहून शेकोटीजवळची चांगली जागा दुसऱ्याने अडवलेली बघावी लागते. त्यानंतर एक ओळही नाही.