दुसऱ्याच्या खात्यात जमा

परीक्षण लिहायला अधिकार लागतो म्हणतात. नाटकाचे परीक्षण लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तोंडाला रंग लावलेला असावा. ते जमले नसेल तर निदान फुकट पासावर नाटक पाहिलेले असावे. माझा अधिकार या दुसऱ्या जातीचा. मी बी.कॉम., सेकंड क्लास. बँकेत चोवीस वर्षे नोकरी. हल्लीच्या भाषेत 'सिंगल विंडो ऑपरेटर', आणि आईच्या भाषेत अजूनही कारकून. ज्या वस्तूचे परीक्षण करायचे, ती मला फुकट मिळाली.

वस्तू म्हणजे पाइपमध्ये ओढायच्या तंबाखूची डबी. साधी नव्हे, नाताळची खास मसालेदार. आपल्याकडे दिवाळी अंक निघतात तशी तिकडचे काही तंबाखूवाले दर नाताळाला एक विशेष तंबाखू काढतात. दिवाळी अंकासारखाच तिचाही निम्मा जीव मुखपृष्ठात असतो. आमच्या डबीवर बर्फ, घर, धुराडे आणि धुराड्यातून निघणारा गोंडस धूर असे चित्र होते. आत काय आहे हे धुरानेच सुचवले होते म्हणायचे.

गेल्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला, एडिसनला गेलो होतो. (आमची ही आली नाही. मुलाची बारावी होती. अशा वेळी बापाने घरात नसणे हेच मुलाच्या हिताचे, असे तिचे मत पडले.) मेहुण्यांच्या ऑफिसात नाताळात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात. देणारा कोण ते गुप्त. अशाच कुणा गुप्त हितचिंतकाने त्यांना ही दोन औंसांची, म्हणजे ५७ ग्रॅमची डबी दिली आणि सोबत मक्याच्या कणसाचा पाइप. मेहुणे सुपारीसुद्धा खात नाहीत. "दादा, तुम्ही कॉलेजात ओढायचात ना?" असे म्हणून त्यांनी ती भेट माझ्या नावे एन्डॉर्स केली.

ओढायचो. सिगारेट. ती मी २००९ साली सोडली. बहिणीने एकदा डबीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती पोळ्या लाटायला वळली. त्यानंतर लाटण्याचा आवाज जरा मोठा येऊ लागला.

आता कणसाच्या पाइपविषयी. कणीस भाजून, लिंबू-तिखट लावून दाणे खाल्ल्यावर आपण जे गाईपुढे टाकतो, ते वाळवून, कोरून त्याला नळी बसवली की हा पाइप होतो. मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक छोटे गाव आहे, तिथे १८६९ सालापासून हा उद्योग चालतो. जनरल मॅकआर्थरच्या तोंडात जो लांबलचक पाइप फोटोत दिसतो, तो कणसाचाच. एवढा मोठा सेनापती आणि तोंडात कणीस, हे वाचून मला धीर आला.

नाताळाचा आणि पाइपचा संबंध काय, असे मी मेहुण्यांना विचारले. त्यांनी फोनवर शोधून सांगितले की, सांताक्लॉज स्वतःच ओढायचा! १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात त्याच्यावर जी प्रसिद्ध कविता छापून आली, तिच्यात त्याच्या दातात आखूड पाइप आहे आणि डोक्याभोवती धुराचे कडे आहे. पुढे २०१२ साली कॅनडात या कवितेची जी आवृत्ती निघाली, तिच्यात पाइप आणि धूर दोन्ही काढून टाकले. म्हणजे म्हाताऱ्याची सुटायला १८९ वर्षे लागली. माझी बारा वर्षांत सुटली होती. मला उगाच अभिमान वाटला.

मग डबी उघडली.

खरे सांगतो, या परीक्षणातला सर्वांत चांगला परिच्छेद हाच. झाकण उघडताच दालचिनी आली, तिच्यामागून लवंग, मग जायफळ आणि सगळ्यांत शेवटी, लाजऱ्या सुनेसारखी, व्हॅनिला. तंबाखूचा वास कुठे आहे ते शोधावे लागले. मला तर पुरण शिजतेय असे वाटले. ही किमया कशी करतात तेही कळले, आणि ती आपल्या घरच्या बायकांना नवी नाही. बर्ली जातीच्या पानात साखर जवळजवळ नसते, पण जे पाजाल ते पिण्याची ताकद फार. त्याला आधी गोड पाकात मुरवतात. जोडीला वाफवून, दाबून काळी केलेली कॅव्हेन्डिश. आणि शेवटी वरून सुगंधाचा शिडकावा. रव्याचा लाडू असाच होतो: पाक, मग वरून वेलदोडा. फरक इतकाच की, लाडू वाळू नये म्हणून त्यात कुणी प्रॉपिलीन ग्लायकोल घालत नाही. अशा तंबाखूत बहुधा तेच असते. त्यामुळे ती बोटाला चिकट, ओलसर लागते, आणि पेटायच्या वेळी त्याचा हिशेब चुकवावा लागतो.

कॉमर्सचा माणूस म्हणून मला त्या डबीत एक जुने खाते दिसले. दालचिनी सिलोन-मलबारकडची, लवंग आणि जायफळ त्याही पलीकडच्या बेटांवरची. हे सगळे न्यायला पोर्तुगीज आपल्या दारात आले आणि बदल्यात अमेरिकेतली तंबाखू ठेवून गेले. पाचशे वर्षांनी दोन्ही बाजूंचा माल एकाच डबीत, तोही एडिसनच्या स्वयंपाकघरात. बॅलन्स टॅली झाला. मात्र मधल्या काळात आपण किती नुकसान सोसले, ते कुठल्या खात्यात टाकायचे हे मला अजून सुचलेले नाही.

कायद्याचेही एक कलम सांगून ठेवतो, कारण कलमे वाचण्याची मला खोड आहे. अमेरिकेने २००९ साली सिगारेटमध्ये असले वास घालायला बंदी केली. पोरांना चटक लागते म्हणून. स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, चॉकलेट, त्याच यादीत दालचिनी आणि लवंग, अगदी नावे घालून. पाइपच्या तंबाखूला मात्र ही बंदी लागू केली नाही. पाइप ओढणारी पोरे नसतातच, असा सरकारचा अंदाज असावा. तर २००९ साली लवंगेवर तिकडे बंदी आली आणि सिगारेटवर इकडे, म्हणजे माझ्यापुरती. पहिलीचा दुसरीशी काही संबंध नाही.

रात्री मेहुण्यांचे जाकीट चढवून मी मागच्या दारच्या लाकडी ओट्यावर गेलो. त्याला तिकडे डेक म्हणतात. थंडी शून्याच्या चार खाली. पाइप भरण्याचे एक शास्त्र आहे: तंबाखूचा पहिला थर लहान मुलाच्या हाताने दाबावा, दुसरा बाईच्या हाताने आणि तिसरा पुरुषाच्या. मी तिन्ही थर कारकुनाच्या हाताने, रबरी शिक्का मारल्यासारखे दाबले. देवापुढच्या निरांजनाची काडेपेटी आणली होती. पहिल्या काडीने वरची तंबाखू फुगते आणि विझते, ती पुन्हा दाबून दुसऱ्यांदा पेटवायची, असा नियम. माझी अकराव्यांदा पेटली.

आणि चव? चव कुठे आहे, चव? डबीत एवढी मिरवणारी दालचिनी तोंडापर्यंत आलीच नाही. जायफळ वाटेतच उतरले. जिभेवर आली ती गरम, ओली, किंचित गोडसर वाफ. न्हाणीघरातल्या बंबाला तोंड लावल्यासारखी. मी घाईघाईने झुरके मारले तशी जीभ चरचरली. ओल्या तंबाखूचा हा ठरलेला दंड आहे, आणि हळू ओढणे हाच त्यावर उपाय. पण पाइप विझेल या भीतीने नवखा माणूस हळू ओढत नाही. तळाशी पाणी जमून हुक्क्यासारखे गुरगुरू लागले. लवंग तेवढी एकदा, फार लांबून, भेटून गेली.

इतक्यात शेजारचा अमेरिकन कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आला. कुंपणापलीकडे थबकला. नाक वर करून म्हणाला, "वंडरफुल! स्मेल्स लाइक ख्रिसमस!"

तेव्हा मला या मालाची मेख कळली. पाइपच्या सुगंधी तंबाखूत सुगंध ओढणाऱ्यासाठी नसतोच. तो खोलीसाठी असतो, बायकोसाठी असतो, कुंपणापलीकडच्या माणसासाठी असतो. डेबिट सगळे माझ्या खात्यात: काड्या, थंडी, भाजलेली जीभ. क्रेडिट शेजाऱ्याला. चोवीस वर्षांत मी अशा नोंदी पुष्कळ पाहिल्या, पण स्वतःच्या हाताने, पेटवून केलेली ही पहिली. जाणकार म्हणतील की मुरलेल्या माणसाला, वाळवलेल्या तंबाखूत, सावकाश ओढताना थोडी चव सापडते. सापडत असेल. पण ज्या मालाचे रूप झाकण उघडताच संपते, त्याला मी चांगला माल म्हणणार नाही. ज्यांना तंबाखूची चव हवी त्यांना हे पान नको असते, आणि ज्यांना दालचिनी हवी त्यांनी चहात घालावी.

मागे दार सरकल्याचा आवाज झाला. बहीण अंगावर शाल घेऊन उभी होती. मी पाइप लपवायला बघितला. सेहेचाळिसाव्या वर्षी, धाकट्या बहिणीपासून.

"अगं, याचा धूर छातीत घ्यायचा नसतो," मी म्हटले. "नुसता तोंडात धरायचा."

"बाबाही तोंडातच धरायचे," ती म्हणाली.

बाबा पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. आम्हाला सिगारेटवरून ओरडायचे तेसुद्धा दाढेखाली चिमूट धरून, त्यामुळे निम्मे शब्द कळायचे नाहीत. रिपोर्ट आला तो २००९ च्या फेब्रुवारीत. मग परळच्या फेऱ्या. बहीण तेव्हा नुकतीच इकडे आली होती. तिला शेवटच्या महिन्यात येता आले, तोवर बाबांचे बोलणे थांबले होते.

मी पाइप ओट्याच्या कठड्यावर ठेवला. तो लगेच विझला. एवढ्या बाबतीत माल फार समजूतदार.

आत आल्यावर तिने टेबलावरची डबी उचलली. मला वाटले, आता कचऱ्यात जाणार. तिने झाकण उघडले, नाकाजवळ नेले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, चंची."

मी पुन्हा वास घेतला. बाबांच्या चंचीला चार कप्पे होते. एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, आणि चौथ्यात आमच्यासाठी लवंगा आणि जायफळाचा तुकडा. सर्दी झाली की बाबा तेच जायफळ उगाळून कपाळाला लावायचे. चारी कप्प्यांचा मिळून एक वास यायचा. मी दिवसभर डबीपाशी बसून पुरण, लाडू, पोर्तुगीज सगळे आठवले, आणि हे आठवले नाही. तिने एका श्वासात ओळखले. मघाशी लाटणे आपटताना तिला तो आलाच असणार.

"फेकून देऊ?" मी विचारले.

"राहू दे. पण पेटवायची नाही."

कणसाचा पाइप कचऱ्यात गेला. डबी मसाल्याच्या कपाटात, हिंगाच्या डबीशेजारी ठेवली. मेहुण्यांनी सकाळी विचारले, "कशी आहे, दादा?" मी म्हटले, "न ओढता उत्तम."

परवा बहिणीचा फोन आला होता. वास कमी होत चाललाय म्हणाली.

"झाकण घट्ट लावत जा," मी म्हटले.

"लावते रे. पण उघडते ना रोज."