रावसाहेब मंडलिक : कारकीर्द आणि कागद

कै. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचें नांव निघालें म्हणजे वकील व कायदेकौन्सिलाचे सभासद एवढेंच बहुधा आठवतें. त्यांचें संशोधन हा फुरसतीचा छंद होता, असें मानण्याकडे कल असतो. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

दापोली तालुक्यांतील समुद्रकांठच्या मुरुड गांवीं ८ मार्च १८३३ रोजीं त्यांचा जन्म झाला. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षण झाल्यावर ते सरकारी नोकरींत शिरले व आरंभीं कच्छचे पोलिटिकल एजंट ले ग्रांड जेकब यांच्या हाताखालीं राहिले. जेकब हे गिरनारच्या शिलालेखांचे अभ्यासक होते. दरबार व सरकार यांमधील व्यवहारांत कागदाच्या एकेका शब्दास किती किंमत येते, तें अशा कचेरींत शिकावयास मिळतें. पुढें नोकरी सोडून मंडलिकांनीं मुंबईस वकिली आरंभिली. १८६४ सालीं ‘नेटिव्ह ओपिनियन’ हें पत्र काढलें. १८७४ मध्यें ते मुंबईच्या व १८८४ मध्यें गव्हर्नर जनरलच्या कायदेकौन्सिलांत गेले. १८८९ सालीं ते वारले.

ह्या सर्व कारकीर्दीचें सूत्र एकच : मूळ पाहिल्यावांचून निकाल नाहीं. ‘व्यवहारमयूखा’वर बॉरोडेलचें जुनें इंग्रजी भाषांतर असतां त्यांनीं १८८० सालीं मूळ ग्रंथ व नवें भाषांतर सिद्ध केलें, तें ह्याच कारणें. मुलीचा अथवा बहिणीचा मुलगा दत्तक घेणें द्विजांस निषिद्ध, असें कोर्टें मानीत. मंडलिकांनीं वचनांचा अर्थ व देशांतील वहिवाट पुढें मांडून तें अमान्य केलें. १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें उलट निर्णय दिला. परंतु १९५६ च्या कायद्यानें तो निषेध उरला नाहीं.

आपल्या गांवाच्या स्थापनेची हकीकत सांगणारा एक कागद त्यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें ठेविला. तो निबंध त्या शाखेच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडांत आहे. कागद जन्मगांवचा, म्हणून मोह मोठा. तरी त्यांनीं निबंधास ‘प्राथमिक निरीक्षणें’ असेंच नांव दिलें. हा संयम संग्राहकांनीं घेण्यासारखा आहे.

परंतु गुणाबरोबर दोषहि सांगणें प्राप्त आहे. वहिवाट हा पुरावा होय, हें मंडलिकांनीं उत्तम दाखविलें. पण ती जुनी म्हणून तींत सरकारनें हात घालूं नये, ह्या मताकडे ते झुकले. १८८४ सालीं मलबारींनीं बालविवाहाचा प्रश्न काढला, तेव्हां त्यांनीं विरोधच केला. त्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां गांवानें बहिष्कार घातला. तोहि रूढीच्याच आधारें! रूढि काय होती, हें कागद सांगतो. ती असावी कीं नसावी, हें सांगणें कागदाच्या अधिकाराबाहेरचें आहे. ही मर्यादा मंडलिकांनीं सर्वत्र पाळली नाहीं.

त्यांच्या संग्रहांतील पोथ्या पुढें फर्ग्युसन कॉलेजाकडे आल्या व अभ्यासकांच्या उपयोगीं पडल्या. दापोली तालुक्यांतील ज्या घरांत महजर, सनदा व खोतीचे कागद असतील, त्यांनीं ते दाखवावे, नकला होऊं द्याव्या. मुरुडच्या कागदावरील प्राथमिक निरीक्षणें अंतिम होण्यास शेजारच्या गांवांची साक्ष लागेल.