औंधला जमलं ते उसाच्या पट्ट्याला का जमू नये?

स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने राज्यभरच्या नगरपालिकांनी गेल्या काही वर्षांत भिंती रंगवून घेतल्या, आणि आपल्या दृश्यकलेची आजची अवस्था त्या भिंतींवर वाचता येते. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, शेजारी मोर, पुढे ‘पाणी वाचवा’, उजनीच्या बाजूला गेलात तर गुलाबी रोहित पक्षी. वारली चित्र हे डहाणू-तलासरीकडच्या घरातलं, लग्नात सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या चौकाचं चित्र. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ते कागदावर आणलं, आणि रेषा कशी श्वास घेते ते जगाला दाखवलं. ज्या मुलखात एकही वारली पाडा नाही तिथे छापील पट्टीवरून ते भिंतीवर उतरवायचं आणि त्याला लोककला म्हणायचं, यात वारल्यांचाही अपमान आहे आणि आपलाही. आपल्याकडे काढण्यासारखं काहीच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो.

काढण्यासारखं काय आहे ते बघा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरचे दोन तुकडे झाले. कालव्याखालचा बागायती, आणि सुप्याकडचा, टँकरची वाट बघणारा जिरायती. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. मग सहकारी कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. १९८० च्या सुमारास उजनी भरलं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक चिखल तुडवत जाऊन वीरगळ बघतात. लोणी भापकरला यज्ञवराहाची अशी मूर्ती आहे, की तिच्या अंगावरच्या कोरीवकामापुढे तासभर बसलं तरी पुरत नाही. एवढं घडलेल्या, एवढा पैसा फिरणाऱ्या या दोन तालुक्यांत आजच्या चित्रकाराचं एक चित्र कायम टांगलेलं असेल अशी एक सार्वजनिक खोली नाही.

अशी खोली बघायची तर बारामतीहून फलटण, दहिवडी करत औंधला जा. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय बहुतेकांनी सहलीत पाहिलेलं असतं, आणि सहलीत पाहिलं म्हणजे पाहिलं नाहीच. भवानराव पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उघडलं. संस्थान जेमतेम बहात्तर गावांचं, तेही बरंचसं माणदेशातलं, कोरडं. राजा स्वतः चित्रकार, ‘चित्ररामायण’ त्यांच्याच हातचं. त्यांनी रविवर्म्याची मूळ तैलचित्रं घेतली हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. त्यांनी धुरंधर घेतले, आणि धुरंधर तेव्हा हयात होते. बाबूराव पेंटर घेतले, तेही हयात होते. हेन्री मूर याचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प औंधला आहे, आणि संग्रहालय उघडलं तेव्हा मूर चाळिशीचा होता. जुनं झाल्यावर, नाव झाल्यावर, कुणी सांगितल्यावर घेतलेली ही खरेदी नव्हती. औंध हे त्या काळाचं समकालीन कलेचं संग्रहालय होतं. आपण त्याला पुराणवस्तूंच्या यादीत टाकलं आणि त्यातला धडा चुकवला.

मूरच्या त्या शिल्पाजवळ थोडं थांबलं तर एक गोष्ट दिसते. आई आणि मूल वेगळे कोरलेलेच नाहीत, एकाच दगडाचा भार दोघांनी वाटून घेतलाय. चेहऱ्यात शोधायला काही ठेवलेलं नाही, जे आहे ते वजनात आहे. देवीच्या दर्शनाला आलेल्या बायका कडेवरचं पोर सावरत त्यासमोर उभ्या राहतात. त्यांना ते कळत नाही असं म्हणणाऱ्याने त्यांच्या तोंडाकडे एकदा बघावं.

आता आजचं. जलरंगातल्या वाड्यांच्या आणि घाटांच्या निसर्गचित्रांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती चित्रं स्वतःच काही म्हणत नाहीत. फार्महाउसच्या दिवाणखान्यासाठी मोठ्या मापात केलेली अमूर्तं सोफ्याच्या रंगाशी जुळतात, तेवढ्यावर त्यांचं काम भागतं. पुतळ्यांचा धंदा तेजीत आहे, पण तो शिल्पकलेचा भाग आहे असं मानायचं मी कधीच सोडलं. कोल्हापूरच्या परंपरेविषयी मात्र एक खंत बोलून दाखवायलाच हवी. ज्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर उभा केला, त्यांच्या ब्रशची ख्याती ‘जलवाहिनी’सारख्या देखण्या आकृतींवर थांबली. कर्ज सिनेमात गेलं, कॅनव्हासवर सौंदर्य राहिलं. ही वाटणी आपण आजतागायत मोडलेली नाही. उजनीच्या पलीकडच्या करमाळ्याकडून नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आणले आणि भीमाकाठचा मुलूख सगळ्या देशाला दिसला. चित्रकला अजून काठावरच उभी आहे.

उभी आहे म्हणताना मी एका माणसाला वगळतो. प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा, १९८६ चा जन्म, घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या. खैरागड आणि बडोद्याला शिल्पकला शिकला आणि नंतर पुण्यात स्थिरावला. त्याने हातात घेतला कोळसा. कोळशाबद्दलचं चित्र कोळशाने काढायचं ही ऐकायला सोपी युक्ती वाटते, आणि दुसऱ्या कुणी केली असती तर युक्तीच राहिली असती. त्याच्याकडे ती राहत नाही, कारण चित्रातली माणसं दयेला जागा देत नाहीत. कुणाच्या मानेवर डोक्याच्या जागी अवजार आहे, कुणाच्या धडातून यंत्र निघालंय, कुणाच्या पाठीवर आख्खं शेत आहे. ओळीने चालत असतात. खाणीत उतरतायत की गाव सोडून निघालेत हे ठरवता येत नाही, आणि ज्याने आपल्या शिवाराची खाण होताना पाहिली त्याला ते वेगळं करून सांगावंही लागत नाही. भिंतीवर थेट काढलेली त्याची प्रचंड रेखाटनं प्रदर्शन संपलं की पुसली जातात. २०१४ ला साओ पाउलो, २०१५ ला इस्तंबूल, असा तो जगभर फिरला. २०२१ मध्ये वेल्समधल्या, म्हणजे जुन्या कोळसापट्ट्यातल्या, आर्टेस मुंडी पारितोषिकात तो सहा वाटेकऱ्यांपैकी एक होता. वेल्सच्या खाणवाल्यांना सास्ती कळली. सास्तीच्या राजुरा तालुक्याला ती चित्रं घरच्या घरी कुठे बघायला मिळतात?

त्याच्या आसपासची माणसंही मोलाची आहेत. रूपाली पाटील यांच्या मुद्राचित्रांतली तिखट चपळाई, प्रभाकर कांबळे यांनी एकावर एक मडकी रचून उभी केलेली जातीची ‘उतरंड’, २०२२ च्या ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक कलाप्रदर्शनात गेलेला अमोल पाटील आणि त्याच्यामागची मुंबईच्या चाळीतली, सफाई कामगारांची दुनिया. नागपूरच्या सवी सावरकरांनी हे सगळं यांच्या कितीतरी आधी, एकट्याने, अंगावर घेतलं होतं. मराठी मुलखातल्या कलेचा जिवंत प्रवाह हा आहे. बाकीचं सजावट आहे.

आणि या प्रवाहात ऊस नाही! निदान नजरेत भरेल, डोक्यात घर करील असा नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून टोळ्या आमच्या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले. कारखान्याजवळ कोप्या पडतात. अंधारातच फड गाठायचा. पाचटीचं पातं करवतीसारखं असतं, ते मनगटावर बारीक बारीक रेघा ओढतं, त्यांत रस जातो, रसावर धूळ बसते, आणि हंगाम संपेपर्यंत हात काळा चिकट राहतो. बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. मानेचा तो ताठरपणा, पायाच्या बोटांनी फळी धरणं, वरच्याने मोळी ओढून घेताना क्षणभर रिकामी झालेली मान. एवढ्या एका हालचालीवर एखाद्या चित्रकाराचं आयुष्य जावं. आमच्याकडे ती हालचाल पाच-सहा महिने रोज रस्त्याकडेला होते, आणि भिंतीवर आम्ही तारपा काढतो.

असं होतंच, त्याला इलाज नाही, असं कुणी म्हणेल म्हणून फिलिपिन्सचं उदाहरण देतो. तिथल्या नेग्रोस बेटावर आपल्यासारखाच ऊस. तोडायला शेजारच्या पनाय बेटावरून मजूर येतात, आगाऊ उचल घेऊन, मुकादमामार्फत. त्यांना सकादा म्हणतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात साखरेचे भाव कोसळले आणि नेग्रोसमध्ये मुलं भुकेने मेली. १९८६ मध्ये बाकोलोद शहरात ‘ब्लॅक आर्टिस्ट्स इन एशिया’ हा गट उभा राहिला. त्यातल्या नुनेलुसिओ अल्वारादो यांनी सकादांना टोकदार, कोनाकोनाच्या देहांचं आणि बघणाऱ्यावर रोखलेल्या मोठ्या डोळ्यांचं केलं. ती माणसं मदत मागत नाहीत, हिशोब मागतात. याच गटाने १९९० मध्ये ‘व्हिवा एक्सकॉन’ सुरू केलं. राजधानी मनिलाला वळसा घालून, बेटाबेटांवर फिरणारं, त्या त्या भागातल्या कलावंतांनीच चालवलेलं द्वैवार्षिक प्रदर्शन. तीस वर्षांहून अधिक काळ ते टिकलं. पुढे चार्ली को या चित्रकाराने बाकोलोदमध्येच गॅलरी काढली, आणि २०१८ मध्ये पनायवरच्या इलोइलोला, म्हणजे मजूर ज्या बेटावरून जातात तिथे, समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं. त्यांची साखर आपल्यापेक्षा गोड होती म्हणून हे झालं नाही. तिथल्या चित्रकारांनी गाव सोडायचं नाकारलं.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २००८-०९ मध्ये सुधीर पटवर्धनांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं. ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रं काढलेल्या माणसाने केलेलं हे काम सरकारी कलासंचालनालयाने दरवर्षी करायला हवं होतं. ते प्रदर्शन पुढे गेलं आणि मागे एकही कायमची खोली राहिली नाही. तालुक्यापर्यंत तर ते पोचायचंच होतं.

आणि पैशाचं कारण मला कुणी सांगू नये. उसाच्या बिलातून टनामागे कपाती होतात, शिक्षणासाठी होतात, कशाकशासाठी होतात. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनाला एक रुपया बाजूला काढला तर हंगामाला दहा लाख होतात. हयात, तरुण, मराठी चित्रकाराकडून दरवर्षी तीन-चार उत्तम कामं घ्यायला तेवढे पुरतात. संस्थापकाच्या पुतळ्याला, स्वागतकमानीला, मोळीपूजनाच्या मंडपाला जे लागतं त्याच्याशी हे ताडून बघावं. कमी आहे ती नजर, आणि नजर नसलेल्यांनी गेली पन्नास-साठ वर्षं या भागातली सगळी कलाखरेदी केली आहे. निवड चित्रकारांच्या हातात द्या. संचालक मंडळाने फक्त बिल मंजूर करावं आणि चित्रात काय आहे यावर तोंड उघडू नये, मुकादम आणि उचल त्यात दिसली तरीही.

जागा वातानुकूलित प्रशासकीय इमारतीत नको. कारखान्याच्या गाडीतळावर हवी. तिथे नंबर लागेपर्यंत बैलगाडीवाले आणि ट्रॅक्टरवाले रात्र रात्र ताटकळतात, बायका-पोरं थंडीत वाढ्यांवर पडून असतात. वीज आहे, छप्पर घालता येतं, माणसं आपणहून येतात आणि त्यांच्याकडे वेळ आहे. पहिल्या भिंतीवर पाचपुतेला बोलवा, कोळशाऐवजी जळक्या पाचटीची राख देऊन, आणि हंगाम संपेपर्यंत ते चित्र पुसू नका. मजुरांना चित्रातलं काय कळणार, असं जो म्हणेल त्याला माझं एकच विचारणं आहे: फळीवर चढणाऱ्या बाईचं चित्र बरोबर आलंय की चुकलंय हे तिच्यापेक्षा जास्त कोणता समीक्षक सांगू शकेल?