चंद्र, क्रूस आणि एका छायाचित्रकाराचे वार्धक्य

छायाचित्र एकदा टिपले की कलावंताचे काम संपले, पुढचे सारे रसायनांचे, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. वयपरत्वे गवयाचा आवाज उतरला की तो स्वरांना निराळे वजन देऊ लागतो, हे आपण सहज मान्य करतो. छायाचित्रकाराच्या वयाचा त्याच्या जुन्या चित्राशी काही संबंध असेल, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) याचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे चित्र या समजाला चोख उत्तर आहे.

त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मोटारीने परतत असता अ‍ॅडम्सला रस्त्याकडेला एक लहानसे खेडे दिसले. मातीची घरे, एक चर्च, शेजारच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस, आणि दूरच्या डोंगरांवर नुकताच वर आलेला चंद्र. गोमंतकातील वाचकाला ही सिमितेर परकी वाटू नये. घाईत प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राच्या तेजाचा ठाऊक असलेला आकडा मनाशी धरून त्याने हिशेब मांडला व एकच चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वी क्रुसांवरचे ऊन सरले होते. अ‍ॅडम्सला पुढे या चित्राचे सालही नेमके सांगता येत नसे. अखेर चंद्राच्या स्थानावरून गणित करून खगोल-अभ्यासकांनी वेळ ठरविली: १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळचे ४ वाजून ४९ मिनिटे. अ‍ॅडम्स तेव्हा ३९ वर्षांचा होता.

खरी कथा येथून पुढची आहे. त्या एका निगेटिव्हवरून त्याने पुढील काही दशकांत तेराशेच्या आसपास प्रती स्वहस्ते काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे असून त्यात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. उत्तरायुष्यातील प्रतींत ते पट्टे जवळजवळ लोपले आहेत. आकाश काळेभोर झाले आहे. तारुण्यात पियानोवादक होण्याची तयारी केलेला हा कलावंत निगेटिव्हला स्वरलिपी व प्रतीला वादन म्हणत असे. या न्यायाने पाहता, तीच चीज तो म्हातारपणी खालच्या पट्टीत गाऊ लागला, असे म्हणता येईल.

यावर आक्षेप सरळ आहे. पावणेपाचच्या सुमारास, सूर्य मावळण्यापूर्वी, आकाश काळे नसते. आम्हां वकिलांच्या भाषेत निगेटिव्ह हा पुरावा आणि प्रत हा त्यावरील युक्तिवाद; मग पुराव्यात जे आहे ते झाकण्याचा अधिकार युक्तिवादाला कोणी दिला? शिवाय भडक विरोधाला गिऱ्हाईक अधिक मिळते, असेही कोणी म्हणेल. हे आक्षेप झटकून टाकण्याजोगे नाहीत. त्या संध्याकाळची साक्ष हवी असेल, तर आरंभीच्या प्रतींकडेच गेले पाहिजे.

परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९४८ मध्ये अ‍ॅडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली. ती चंद्रासाठी नव्हती. खेडे आणि क्रूस उठून दिसावेत म्हणून होती. म्हणजे त्याने वरचे आकाश विझवीत नेले, पण खालची वस्ती विझू दिली नाही. केवळ नाट्य साधायचे असते, तर काळोखात चंद्र एकटा ठेवणे पुरेसे होते. अखेरच्या प्रतींत दृष्टी चंद्रावरून निघते ती त्या ओबडधोबड क्रुसांवर येऊन थांबते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. येथे विरोध वर्षानुवर्षे वाढत गेला, तरी समतोल सुटला नाही, आणि त्याचे श्रेय या क्रुसांना आहे. वार्धक्यात भोवतालचे तपशील गळून पडतात व मोजक्या गोष्टी तेवढ्या उजळ राहतात. त्या अनुभवाची साक्ष या काळ्या प्रती देतात. ही साक्ष निराळ्या गोष्टीची आहे, खोटी नव्हे.

तरीही या चित्राची एक उणीव राहतेच. भोपाळच्या बिट्टन मार्केटात सायंकाळी भाजीच्या ढिगांवर दिवे लागतात आणि पौर्णिमेच्या सुमारास त्या गर्दीवर चंद्रही येतो. भावाची घासाघीस चाललेली असते. वर पाहणारा विरळा. नित्याचे जीवन म्हणजे ही गजबज. अ‍ॅडम्सच्या खेड्यात घरे आहेत, कबरी आहेत. माणूस मात्र दिसत नाही. काळोख गडद करून त्याला क्रूस उजळता आले, पण एखाद्या खिडकीतला दिवा त्याला लावता आला नाही, कारण तो मूळ निगेटिव्हमध्येच नव्हता. वार्धक्यात कलावंत आपल्या जुन्या सामग्रीचा अर्थ बदलू शकतो, सामग्री बदलू शकत नाही. या मर्यादेत राहून अ‍ॅडम्सने जे साधले ते थोर आहे, असेच कोणताही जाणता रसिक म्हणेल.